पाणी हिरवं पडल्यावर

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होती. मुंबईवाल्यांचा बंगला सांभाळणारा मुरारी आणि त्याच्या वाडीतल्या रंगूकाकी.

"पोहायच्या टाकीतलं पाणी कधी बदलायचं असतं रे, मुरारी?"

"औषध वेळेवर टाकलं, मशीन रोज चालवली, तर वरीसभर बदलावं लागत नाय."

"आणि तू आपली विहीर आटली की दोनदा सोडतोस."

"हिरवं पडतं, काकी. शेटला फोटू पाठवतो, ते म्हणतात सोड."

"हिरवं कशानं पडतं?"

"पंधरा दिवस औषध टाकायचं इसरतो मी. औषधाच्या पाण्यानं तुमची वांगी मेली असती."

"हळू बोल, कोणी ऐकंल."

"शेटला कळलंच की. औंदाच्या दुसऱ्या फोटूत कुंपणामागं तुमची वांगी आली. सगळा डोंगर करपलेला नि तेवढीच हिरवीगार."

"आता रे?"

"शेटचा लगेच फोन. मला वाटलं, गेली नोकरी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पाणी सोड. पण वीस तारखेला नातवंडं येतायत, ती जाईपर्यंत औषध इसरायचं नाय."