काकांची सिस्टीम

बोईसरच्या दुकानात माझा लॅपटॉप दुरुस्त होत होता. शेजारी सालवडच्या एक काकू नवऱ्याला आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर घेऊन बसल्या होत्या.

"काकू, मशीन फार जुनं झालंय. नवीन घ्या, विंडोज टाकून देतो."

"मशीन नवीन चालेल. पण आतलं यांचंच पायजे. लिनक्स हाय, यांनी सगळं आपल्या सवयीचं करून घेतलंय."

"मग काका नवीनवर परत करतील की."

"आजारपणानंतर नाय जमत त्यांना."

"बरं. अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवर घेतो. तो कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, हेच सुरू होईल."

"इथंच लावून दाखवा."

तासाभराने दुकानदाराने तो पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला.

"झालं सुरू. काका, पासवर्ड सांगा."

"आठवत नाय."

"विचारू नका, भाऊ. कीबोर्ड त्यांच्या पुढ्यात ठेवा फक्त."

"हा घ्या, काका... अरे, बोटांनी आपोआप टाकला की! उघडलं. बरोबर आहे ना सगळं?"

"हा माझा हाय. तुमच्याकडं कसा आला?"

"भाऊ, असे दोन पेनड्राइव्ह बनवा."