ज्याचं पाणी गार, तो मधे

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि दत्तूभाऊंच्या घरच्या मंडळींनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. साजगावच्या कारखान्यात मशीनपुढे आयुष्य गेलं. तिथं बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पण आज गप्प बसलो, तर दत्तूभाऊंना आवडणार नाही. गप्प बसणाऱ्या माणसांवर त्यांचं बारीक लक्ष असायचं.

तुम्ही त्यांना ओळखता ते कर्जत-कशेळे जीपचे ड्रायव्हर म्हणून. मी त्यांना ओळखलं ते पाण्यात.

माझी बायको सुनंदा गेली तेव्हाची गोष्ट. दहाव्याला सगळे नदीवर होते. रीतीप्रमाणे एक बुडी मारली, डोकं पुसलं, आणि मी कामाला लागलो. भटजींचं बघितलं, पाहुण्यांना चहा दिला, म्हाताऱ्यांना गाडीत बसवलं. लोक म्हणाले, विलास खंबीर आहे. दत्तूभाऊ तसं म्हणाले नाहीत. भिसेगावात मला घरी सोडताना एवढंच म्हणाले, "एका बुडीनं भागत नाय रं. उद्या सकाळी ये."

थंडीचे दिवस होते. डोहावर वाफ होती. मी कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडत उभा. त्यांनी सहज विचारलं, "पाणी कसं हाय?"

मी म्हणालो, "गार हाय." आणि मला रडू फुटलं.

खरं सांगतो, मी पाण्याचंच बोललो होतो. पण दत्तूभाऊंनी ते पाण्याचं धरलं नाही. माझ्या बाजूनं पोहत राहिले.

मग माणसं वाढत गेली. कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचं पोर गेलेलं. आम्ही बाप्ये कसे, तुम्हाला माहीत आहे. कसा आहेस विचारलं, की बरा आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. म्हणून दत्तूभाऊंनी ते कधी विचारलंच नाही. ते विचारायचे, पाणी कसं हाय? ज्याला आतून सोसवत नसेल, त्यानं म्हणायचं, गार हाय. मग पलीकडच्या खडकापर्यंत पोहताना त्याला मधे घ्यायचं. बाकीचे त्याच्या भोवतीनं. एकदा ऐन मे महिन्यात आमच्यातला एक जण म्हणाला, गार हाय. कुणी हसलं नाही. त्याला मधे घेतलं.

आता एक कुजबुज माझ्या कानावर आली आहे. म्हणे, थंड पाण्यानं दत्तूभाऊंना नेलं. वहिनी समोर बसल्या आहेत, त्यांच्यासमोर बोलतो. डॉक्टर नको म्हणाले, त्यानंतर दत्तूभाऊ पाण्यात उतरले नाहीत. सबंध हिवाळा स्वेटर, माकडटोपी घालून काठावर बसले. तिथून एकेकाला विचारायचे. गेले ते घरात, झोपेत गेले. तुमची काळजी खोटी नाही, बायांनो. पण नदीला बोल लावू नका. घरात असून नसल्यासारखी झालेली आमच्यातली कितीतरी माणसं तिनं तुम्हाला परत दिली.

ते गेल्यापासून मात्र आमच्यातलं कुणी पाण्यात उतरलेलं नाही. विचारणारा नाही, तर जायचं कशाला, असं झालंय.

आज सकाळी त्यांचा दहावा झाला. त्यांच्या महेशनं एक बुडी मारली, डोकं पुसलं, आणि तो कामाला लागला. भटजींचं बघितलं. पाहुण्यांना चहा दिला. आत्ताही बघा, बसलेला नाही. मागं खुर्च्या लावतोय. आणि मघाशी माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, पोरगा खंबीर आहे.

महेश, बाळा, ती खुर्ची ठेव जरा.

एका बुडीनं भागत नाय रं. उद्या सकाळी ये. आम्ही सगळे असू तिथं. तुला काही बोलावं लागणार नाही. मी विचारीन, तू दोन शब्द म्हण. नाही म्हणालास तरी चालेल. उद्या आम्ही तुला मधे घेणार आहोत.

मंडळी, आता उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. आणि दत्तूभाऊ, रोज तुम्ही विचारायचात. आज न विचारता सांगतो.

पाणी गार हाय, भाऊ. लई गार हाय.