चार नंबरची बशी

बाई: फडकं खाली ठेवा हो मावशी. रागावत नाहीये मी, नुसतं विचारतेय.

मावशी: रागावत नाही म्हणणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते. बावीस वर्षं या प्रयोगशाळेच्या काचा धुतेय, ओळखते मी सगळ्यांना.

बाई: या सहा बश्या. खाली एकच शेगडी, वरून प्रत्येकीच्या तोटीतून थेंब थेंब पाणी, आत सगळीकडे तोच माल. पाचांत काही नाही. आणि या चार नंबरमध्ये साखळ्या!

मावशी: साखळ्या? मला तर गढूळ पाणी दिसतंय.

बाई: डोळ्यांना नाही दिसत. प्रत्येक जिवाच्या आत लांबलचक साखळी असते. तुमच्यात, माझ्यात, त्या मोरीतल्या झुरळातसुद्धा. तिचे सुटे मणी आम्ही बशीत घालतो. ते आपले आपण जोडले जातात का, एवढंच बघायचं. पृथ्वीवर पहिला जीव कसा आला असेल, त्याचा माग.

मावशी: मग जोडले गेले ना? तोंड का पाडलंय?

बाई: सर म्हणतात, बशीच घाणेरडी होती. बाहेरचा कचरा आहे तो. दुपारपर्यंत कारण सापडलं नाही तर धुवायला टाक म्हणाले.

मावशी: घाणेरडी? मी धुतलेली बशी?

बाई: ते तसं म्हणाले.

मावशी: तीनदा विसळते मी, उजेडात धरून बघते! घाणेरडी म्हणे. ... दार लोटा जरा.

बाई: लोटलं.

मावशी: मागे माझ्या हातून एक नळी फुटली तेव्हा तुमच्या सरांनी लिहून घेतलंय माझ्याकडून. पुन्हा प्रयोगाच्या मांडणीला हात लावला तर कायमचं घरी.

बाई: मावशी, तुम्ही काय केलंत?

मावशी: चार नंबरची तोटी गळते. शुक्रवारी फरशी लख्ख करून जावं, तर सोमवारी तळं. म्हणून जाताना तेवढी एक तोटी बंद करायला लागले. पहिल्या सोमवारी बघते तर बशी कोरडीठाक, तळाला नुसता पिवळा पापुद्रा. पाचावर धारण बसली माझी! तुम्ही यायच्या आत बाटलीतलं पाणी ओतलं आणि तोटी उघडली.

बाई: एकदाच?

मावशी: आठ शुक्रवार. फरशी कोरडी राहायची ना!

(बाई खुर्चीत बसते, तोंड ओंजळीत धरते.)

मावशी: रडताय की हसताय?

बाई: सरांचं म्हणणं, जीव समुद्राच्या तळाशी सुरू झाला. म्हणून आम्ही बश्या कायम भरलेल्या ठेवल्या. पण काहीजण म्हणतात, समुद्रात नाही, खडकावरच्या डबक्यात. भरपूर पाण्यात दोन मणी जवळ येतात आणि भरकटतात. पाणी आटलं की दाटीवाटीने बसतात, तेव्हा एकमेकांना धरतात. पुन्हा पाणी, पुन्हा ऊन. पुन्हा, पुन्हा.

मावशी: कधीची गोष्ट ही?

बाई: चारशे कोटी वर्षांपूर्वीची. झाड नाही, किडा नाही, गवताचं पातं नाही.

मावशी: बघायलासुद्धा कोणी नाही?

बाई: कोणीच नाही.

मावशी: आणि तरी चालूच होतं... अगं बाई. अंगावर काटा आला बघा.

बाई: अजून हा जीव नाही हं. वाटेवरचं एखादं पाऊल, तेही खरं ठरलं तर. पण आठ आठवडे तुम्ही शुक्रवारी ऊन होत होतात आणि सोमवारी पाऊस.

मावशी: मी? मी तर फरशी वाचवत होते!

बाई: वहीत लिहिते, तोटी बंद राहिली होती. तुमचं नाव नको.

मावशी: तोटी आपली आपण बंद राहते होय? उद्या कोणी करून बघायला गेलं, तर त्याला कसं कळायचं? नीट लिहा. काचा धुणाऱ्या बाईने शुक्रवारी बंद केली, सोमवारी पाणी घातलं. आठ वेळा. आणि बशी स्वच्छ होती, तेही लिहा.

बाई: नोकरी जाईल मावशी.

मावशी: जाईल तर जाईल. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून काचा कशा धुऊ मी?

बाई: चला, सरांकडे मीही येते. थांबा, तोटी गळतेय, पाय घसरेल. पुसून घेता?

मावशी: राहू दे. आपलं आपण सुकेल.