लहान मापाचा गुडघा

सासऱ्यांच्या कृत्रिम पायाचा पट्टा बदलायला मी अंधेरीच्या कृत्रिम अवयव केंद्रात गेले होते. बाळ मांडीवर झोपलेलं. शेजारच्या बाकावर एक पाय गमावलेली सात वर्षांची गार्गी, तिची आई आणि मामा.

"काय म्हणाले आत, अस्मिता?"

"वाकणारा गुडघा आहे, दादा, पण मोठ्यांच्याच मापाचा. हिला सरळ काठीसारखा पाय देतील."

"लहान का नाही बनवत?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, लढाईत पाय सैनिकांचे जातात. संशोधनाला पैसाही त्यांच्यासाठीच मिळतो, म्हणून गुडघाही ऐंशी किलोच्या जवानाचा."

"खरंय गं. साकीनाक्याला माझ्या लेथवर तीस वर्षं पार्टचं ड्रॉइंग येतंय, त्यावर नुसता नंबर. तोफेचा पार्ट की पंपाचा, कोणी सांगत नाही. मीही कधी विचारलं नाही."

"मग आता?"

"आता तो मोठा गुडघा एक दिवस मागून घे. उघडून बघतो आणि तसाच हिच्या मापात उतरवतो."

"खेळणं आहे का ते? चालताना मोडला तर?"

"आधी एक नमुना इथल्या डॉक्टरांसमोर वजन टाकून मोडेपर्यंत तपासू. पास झाला तरच हिला तसाच दुसरा."

"मामा, मला लगोरी खेळायचीय. लंगडीत मीच जिंकते, त्याचा कंटाळा आलाय."

"ऐकलंस, अस्मिता?"

"अरे, पण ही वाढणार. वर्षभरात लहान पडेल तो."

"फ्रॉक नाही आखूड होत? दर दिवाळीला नवा करीन. गार्गी, उभी राहा बघू, माप घेऊ दे."