घरच्यांना थँक्यू

तो बाबांसोबतचा शेवटचा साधा दिवस होता. डोळ्यांच्या दवाखान्यात ती आणि बाबा नंबराची वाट पाहत बसले होते आणि समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत होतं.

"अहो, तुम्ही आत्ता त्या पाण्याच्या मशीनला थँक्यू म्हणालात."

"पाणी दिलं ना त्यानं."

"लग्न झाल्यापासून मीही देतेच आहे."

"घरच्यांना थँक्यू म्हणत नाहीत. परकं वाटतं."

"मला एकदा वाटून घ्यायचंय परकं."

"बरं बाई. थँक्यू."

"डॉक्टर मघाशी तुम्हाला एकट्याला काय म्हणाले, खरं सांगा."

"मोतीबिंदू आहे म्हणाले."

"नुसत्या मोतीबिंदूला कुणी बायकोला थँक्यू म्हणतं?"

"म्हणून सांगतो, घरात हा शब्द काढू नये. माणसं घाबरतात."

"पुन्हा म्हणा बरं."

"का?"

"घाबरले तरी बरं वाटलं."

बाबांनी हसू दाबायला खोटा खोकला काढला. "म्हाताऱ्याचं पटतं बुवा," ते लेकीच्या कानात म्हणाले. तिलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

पंधरवड्यानं ती कामावर निघाली. तिची स्कूटर रोज सकाळी बाबा पुसून, वळवून, फाटकाबाहेर काढून ठेवायचे. आज ती भिंतीकडे तोंड करून धूळ खात उभी होती. तिनं ती ओढली, वळवली, एकदा पायावरही घेतली आणि कशीबशी बाहेर आणली. मग घराच्या बंद दाराकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली, "थँक्यू, बाबा. वाटलं परकं तर वाटू दे."