हाराखालचा नंबर

ह्या मिठाच्या कपाचं मागनं सांगते ताई, तुमचे बोंबील साफ होईस्तो आधी मी कुठली ते ऐका, नायतर तुमाला काय कळायचं नाय. बाळकुमच्या पुढं खाडीला लागून आमचा कोळीवाडा, तिथली मी, माहेरची. आता दिलंय डोंबिवलीला, खाडीच्या ह्या अंगाला, म्हंजे पानी तेच, काठ तेवढा बदलला. बापाची होडी व्हती. म्हावरं उतरलं की आयस पाटी भरायची नि ठान्याच्या बाजाराला चालत सुटायची, कारन बस तासाला एक, ती पन आमाला घ्यायची नाय, कंडक्टर नाकाला रुमाल लावायचा नि घंटी मारायचा, वास येतो म्हने. अरे, ताटात घेतोस तेव्हा नाय येत वास? तर चालतच. नि म्हावरं काय थांबतं का कोनासाठी, ऊन चढलं की कोलंबी मऊ पडते, मग गिऱ्हाईक बोट लावतं नि पुढं जातं. म्हनून माझी आयस चालायची नायच, पळायची, नि तिच्या मागं मी, डोक्यावर लहान पाटी, पानी मानेवरनं ओघळतंय, पायाखाली खडी, नि पाटी हलता कामा नाय. तिथं शिकले मी धावायला. हे पयलं लिहा.

शाळेत वैद्य बाई व्हत्या, खेळाच्या. त्यांनी एकदा मला पाटी घेऊन जाताना बघितली, नि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बोलल्या, कालची ती पळणारी तूच ना? मला वाटलं आता मार खाते. पन बाई घरी आल्या, बापाला बोलल्या, हिला सकाळची मला द्या. बाप बोलला, मग पाटी कोन नेनार? तेव्हा आमची हिराआते मधे पडली. हिराआते म्हंजे बापाची थोरली भैन, नवरा लवकर गेला, पोर नाय बाळ नाय, आयस बाजारात असायची तर मला तिनंच वाढवलेली. ती बोलली, पाटी मी नेईन, पोर जाऊंदे. झालं, आतेच्या पुढं आमच्या वाड्यात कोन बोलनार? त्या दिवसापासनं बाई लुनावर पुढं, नि मी मागं, घोडबंदर रोडनं. तेव्हा तिथं काय व्हतं सांगू तुमाला, दोन्ही अंगाला भाताची शेतं नि झाडी, नि मधून रेतीचे ट्रक. आता इमारती उठतायत, परवा गेलेले तर मला माझा रस्ता ओळखता येईना. ट्रकवाले हॉर्न मारायचे, कायबाय बोलायचे. बाई बोलायच्या, कान घरी ठेवून येत जा. मी तसं केलं, दोन वर्षं.

मग ती मोठी दौड जाहीर झाली. सगळं शहर धावनार, मुंबईच्या पोरी येनार, बायकांची पंधरा किलोमीटर, नि पयल्या तीन पोरी जिल्ह्याच्या संघात जानार. बाई बोलल्या, तू तिनात आहेस, लिहून देते. संघात गेली की पुढं खेळावर नोकरी लागते, बाईंची एक पोरगी अशीच लागलेली. मला बाकी काय नको व्हतं ताई, फक्त त्या कंडक्टरच्या बसमधे खिडकीला बसून नोकरीला जायचं व्हतं. हसू नका. खरंच तेवढंच व्हतं डोक्यात.

दौडीचा रस्ता कुठनं, तर आमच्या वाड्यावरनं. तिथनं पुढं अर्ध्या किलोमीटरवर वळन, वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं परत. आते आदल्या दिवशी बोललेली, शहरातनं निघनार तू, तिथं तुला कोन ओवाळनार? इथनं जाशील तेव्हा मी उभी हाय. मी हां बोलले. मला वाटलं उभी राहील, हात करील. मला काय ठाऊक!

आता आमच्यातली रीत ऐका, नायतर तुमी पन पुढं म्हनाल, की काढून टाकायचा ना हार. नारळी पुनवेला होडी पान्यात घालतात तेव्हा बायका तिला ओवाळतात, पयलं ताट आमच्या आतेचं, नि गावदेवीच्या गळ्यातला हार होडीच्या तोंडाला बांधतात. तो हार होडी परत काठाला लागेस्तो कोन काढत नाय. वाऱ्यानं तुटला तर तुटला, पन हातानं नाय काढायचा. काढला तर होडी परत येत नाय. खोटं असंल, मी कुठं म्हनते खरं हाय, पन माझा बाप नि त्याचा बाप त्या हाराच्या मागनं पान्यात गेले नि परत आले, मग मी कोन काढनारी?

तर मी दुसरी व्हते. पुढं मुंबईची एक उंच पोरगी, नि माझ्या मागं जवळपास कोन नाय. वाड्याच्या तोंडाशी आले नि बघते तर काय, लग्नाचा बँड! वाजवतायत जोरात, पोरं नाचतायत, समद्या बायका ठेवनीतली लुगडी नेसून रस्त्यात, नि मधोमध आमची आते, हातात ताट, दिवा लावलेला. आता बोला. ताटापुढनं पळून जायचं? जिनं माझी पाटी वाह्यली तिच्या ताटापुढनं? थांबले मी. तिनं तीनदा ओवाळलं, कुंकू लावलं, नि देवीच्या गळ्यातला झेंडूचा हार माझ्या गळ्यात घातला, हा असा, पोटापर्यंत आलेला. बोलली, होडी लागेस्तो काढू नको, जा बाय, जा. नि मी सुटले. काय सांगू तुमाला, पायांना पंख म्हनतात ना, तसं झालेलं मला. तो हार छातीवर आपटतोय, पाकळ्या उडतायत, नि माझ्या डोक्यात एवढंच की मी आमच्या वाड्याची होडी हाय.

नि त्या हाराच्या खाली माझा नंबर. एकशे सत्तेचाळीस. कापडावर लिहिलेला, चार पिना लावून. माझ्या ध्यानात पन नाय आलं.

वळनावर पान्याचा पिंप, एक खुर्ची, छत्री, नि खुर्चीत एक मानूस, मांडीवर वही. जाईल त्याचा नंबर लिहायचा, तेवढंच त्याचं काम. मला बघितलं त्यानं, पेन हातात तसंच, नि हसला. मला वाटलं हार बघून कौतुकानं हसला. मी पन हसले त्याला. ते माझं हसनं आठवलं की आजपन अंगाची लाही होते.

दुसरी आले मी, ताई. दुसरी. त्या उंच पोरीच्या मागनं, तिची वेनी दिसत व्हती मला एवढ्या जवळ. माईकवरचा मानूस बोलला, ह्या तर निकालाआधीच हार घालून आल्या! सगळे हसले. हसूंदे, मला काय. बाईंनी मला उचलली. स्टेजवर कप हातात दिला, फोटो काढला, नि मी खाली उतरते तोच एक सफारीवाला साहेब आला, हातात ती वही. बोलला, एकशे सत्तेचाळीस तूच ना? वळणावर तुझी नोंद नाही. चौथ्या आलेल्या पोरीच्या सरांनी तक्रार केलेली, की ही मधेच कुठनं तरी घुसली. मी बोलले, साहेब, मी वळनावरनंच आले, त्या छत्रीवाल्याला इचारा. बोलावला त्याला. नि तो काय बोलला ऐका. बोलला, हो साहेब, हार घातलेली एक मुलगी गेली खरी, पण नंबर दिसला नाही, नंबर नाही तर नोंद कशाची करणार?

अरे मुडद्या! हार घालून किती पोरी धावत व्हत्या त्या रस्त्यावर? दहा? वीस? लगीन व्हतं का तिथं? डोळ्यांनी बघितलंस, तोंडानं सांगतोस की गेली, नि तरी गेली नाय? मी हेच बोलले, ह्याच्याहून वाईट बोलले. साहेब बोलला, ओरडू नकोस, मासळी बाजार नाही हा. हे असं बोलला. नि माझ्या हातातनं कप घेतला, चौथीला तिसरी केली, तिसरीला दुसरी. माईकवरनं सांगतलं, एक स्पर्धक मधूनच सामील झाल्याचं आढळल्यानं बाद करण्यात येत आहे. मधूनच! पंधरा किलोमीटर माझ्या पोटऱ्यांनी मोजलेत, नि मी मधूनच. बाई पयलं भांडल्या, मग बारीक आवाजात मला बोलल्या, जाऊ दे गं, वाद वाढवला तर तुझंच नाव खराब होईल. आता काय राहिलेलं खराब व्हायचं? दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात पोरं ओरडली, रिक्षा आली रिक्षा! रिक्षात बसून आलेली म्हने मी. शाळा सुटेस्तो तेच नाव पडलं मला.

आते मानूस ऐकनारं नाय. सकाळी उठली, अकरा बायका घेतल्या, नि त्या साहेबाच्या हापिसात गेली. बोलली, मी देवीवर हात ठेवून सांगते, माझ्या पुढ्यातनं गेली पोर. साहेब बोलला, मावशी, घरच्या माणसांची साक्ष चालत नाही, आणि उलट तुम्हीच भर रस्त्यात स्पर्धा अडवलीत, तुमच्यामुळेच झालं हे. अकराच्या अकरा बायका परत आल्या. बाजारात सोळा आन्यांची भांडनारी मानसं ही, नि खाली माना घालून परत आली. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच हाय.

नाय, खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त राग दुसऱ्याच मानसाचा हाय, माझा. कारन आते अंगनात आली तेव्हा मी तिथंच बसलेले, नि सगळ्यांच्या पुढं तिला बोलले, तूच खाल्लीस माझी दौड. हे असं, ह्या तोंडानं. ती आत गेली. ताट घासलं, पुसलं, नि माळ्यावर टाकलं. त्या साली नारळी पुनवेला होड्या दुसऱ्या बाईनं ओवाळल्या.

पुढच्या साली मी परत धावले. धावनारच! रस्ता तोच. वाड्याच्या तोंडाशी आले नि बघते, तर रस्ता मोकळा. बँड नाय, पोरं नाय, एक मानूस नाय. नि दारं बंद. ताई, कोळ्याच्या घराचं दार दिवसा बंद बघितलंयत कधी? आमच्यात मयत झालं तरी दार उघडं असतं. सगळ्या वाड्याची दारं लावलेली, नि जाळी तेवढी वाळत पडलेली. आतेनं घरोघर सांगून ठेवलेलं, कोन बाहेर यायचं नाय, पोरीच्या वाटेत यायचं नाय. मी धावतेय नि माझ्याच पायांचा आवाज मला ऐकू येतोय. आतेच्या दाराच्या मागं बांगड्या वाजल्या, ती दारालाच उभी व्हती, मला कळलं. नि मी थांबले नाय. मला नंबर पायजे व्हता.

वळनावर तोच मानूस, तीच छत्री. माझ्या छातीकडं बघितलं, तोंडाकडं नाय, नि लिहिलं. तिसरी आले. हाच तो कप, ज्यात मी मीठ ठेवते. कप देनारा साहेब तोच, मी त्याला तिथंच इचारलं, गेल्या सालचं काय? बोलला, मिळाला ना आता कप? झालं तर मग. गेल्या सालचं आजपर्यंत कुठल्या माईकवर कोन बोललं नाय. संघातनं एकदा नाशिकला जाऊन आले, मग लगीन झालं. नोकरी कसली नि खिडकी कसली. बाई भेटतात कधीमधी, म्हनतात, कप असा मिठात घालू नये गं. मी म्हनते, बाई, मिठात ठेवलं की म्हावरं टिकतं, राग पन टिकतो.

आता माझी पोरगी नऊ वर्षांची, तिची दौड हाय येत्या रविवारी, इथंच, मानपाडा रोडनं. आते तिकडं वाड्यात खाटेवर असते, उठवत नाय तिला. परवा तिला सांगायला गेलेले, तर पयलं काय इचारलं तिनं? नंबर कुठं लावतात गो, अजून छातीवरच? मी बोलले, हां. तर बोलली, मग मी येत नाय बाय, मी घरातच बरी, दार लावून घेते.

एवढी वर्षं झाली, नि ती अजून दार लावून बसलीय. सांगा मला, कोनावर राग काढू? मी पन सांगतलं तिला, रिक्षा करून आनते तुला, खरीखुरी रिक्षा, भर रस्त्यात खुर्ची टाकून बसवते, माळ्यावरचं ताट मी काढून घासते. हार तूच घालायचा. नि नंबर मी हाराच्या वरनं लावीन, ह्या चार पिना बघा ताई, पदरालाच लावून फिरतेय. मग बघते कोन लिहीत नाय ते. त्यावर तिनं नुसतं इचारलं, झेंडू मिळतो का गो डोंबिवलीला?

घ्या, तुमचे बोंबील झाले. लिहा नीट, नाव दुसरं घाला माझं, पन तो एकशे सत्तेचाळीस तेवढा बदलू नका. देवी भलं करो तुमचं. रविवारी या, सकाळी लवकर.