भागरतामावशीचा जोडफोटो

दिवाळी आली की मला भागरतामावशीच आठवते गं. बालाघाटात आमच्या वॉर्डातल्या आम्ही बायका गरजू घरांत साडी अन् फराळ पोचवायचो. नियम माझाच होता: देताना फोटो काढायचा नाही, घेणाऱ्याला लाज वाटू नये.

एका वर्षी मावशीकडे गेलतो. तिचा नवरा लकव्यानं खाटेवर होता. मावशी आम्ही दिलेली नवी साडी नेसूनच बाहेर आली.

"आता काढा फोटो."

"आम्ही फोटो काढत नाही, मावशी."

"काहून? लग्नाले चाळीस वर्षं झाली, आमचा दोघांचा एकबी फोटो नाही."

मी खजील झाले. तिनं नवऱ्याचे केस विंचरले, त्याला उशीला टेकवून बसवलं अन् शेजारी ताठ बसली. मी मोबाईलवर फोटो काढला अन् फ्रेम करून नेऊन दिला.

होळीच्या आधी म्हातारा गेला. मी भेटायला गेले तर भिंतीवर तोच फोटो होता, पण हार नव्हता.

"मावशी, हार आणून देऊ का?"

ती डोळे पुसत हसली. "अवो बाई, त्या फोटोत मीबी आहो ना! जित्या माणसाले हार घालतेत काय?"